रिपेअरचं बटन दाबायच्या आधी फाइलची कॉपी घ्या हो!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतलं तुमचं कॉम्प्युटरचं सदर मी नेमाने वाचते, बरंच शिकलेय त्यातून. पण या वेळी 'डेटाबेस उघडत नसेल तर' अशी जी चौकट छापलीत, तिच्यातली पहिलीच ओळ वाचून चहाचा कप खाली ठेवला. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर हे बटन दाबा, बहुतेक वेळा काम होते.' काम होतं हो, पण कुणाचं होतं ते सांगायला हवं होतं ना. मी गेली अकरा वर्षं एका ग्रंथालयाचं सभासद रजिस्टर मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये सांभाळते आणि हेच बटन मी एकदा दाबून बसलेय, म्हणून हे पत्र.

झालं असं की दोन-तीन दिवस फाइल उघडताना अधूनमधून 'फाइल ऑलरेडी इन यूज' असा मेसेज यायचा, बंद करून परत उघडली की चालायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' आलं आणि माझ्या पोटात गोळा. आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाने वायफायवर लॅपटॉप जोडून एंट्र्या करता करता झाकण लावून टाकलं होतं, सेव्ह चालू असतानाच. मी घाबरून मूळ फाइलवरच रिपेअर मारलं, फाइल उघडली, सगळ्यांनी हुश्श केलं.

ते हुश्श दोन आठवडे टिकलं. महिनाअखेरीला मी सवयीने वहीत सभासदांचा आकडा लिहिते, तर आधीच्या महिन्यात ४११८ आणि आता ४०६७. मधल्या काळात कुणी सभासदत्व सोडलेलं नव्हतं. टेबल डिझाइनमध्ये उघडून बघते तर सभासद क्रमांकावरची प्रायमरी कीची (एकच नंबर दोनदा येऊ न देणारी) खूण पण गायब! म्हणजे त्या दोन आठवड्यांत एकच नंबर दोघांना दिला गेला असता तरी कुणी अडवलं नसतं.

मग कळलं की रिपेअर म्हणजे नेमकं काय होतं. नाव रिपेअर असलं तरी तो जुन्या फाइलला टाके घालत बसत नाही, तो नवीन फाइल लिहितो, जे जे वाचता येतं ते तिच्यात घेतो आणि जे वाचता येत नाही ते सोडून देतो, मग ती नवीन फाइल जुनीच्या जागी ठेवतो. कधीकधी जाताना 'एमसिसकॉम्पॅक्टएरर' नावाचं एक टेबल मागे ठेवतो त्यात काय अडलं ते लिहिलेलं असतं, पण ते कोण उघडून बघतं. डेटा आत ४ केबीच्या पानांवर बसलेला असतो, एका पानावर आमच्यासारख्या छोट्या नोंदी वीस-पंचवीस मावतात, त्यामुळे गेलं तर एक माणूस जात नाही, अख्खं पान जातं. माझी ५१ माणसं म्हणजे हिशोबाने दोन-तीन पानं.

मी वाचले ते आमच्या एका सहकाऱ्यामुळे. 'ताई, हात लावायच्या आधी जरा थांबा' म्हणत त्याने बिघडलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती, मी तेव्हा त्याच्यावर वैतागले होते. (नवीन अ‍ॅक्सेस बऱ्याचदा रिपेअर करताना स्वतःच एक बॅकअप नावाची कॉपी ठेवतं, पण त्याच्या भरवशावर बसू नये.)

त्या कॉपीचीही कॉपी काढून आम्ही नवीन रिकामा डेटाबेस उघडला आणि त्यात एकेक वस्तू इंपोर्ट करत गेलो. फॉर्म आले, क्वेऱ्या आल्या, पुस्तकांचं टेबल आलं, सभासदांचं टेबल मात्र मध्येच 'सर्च की वॉज नॉट फाउंड' म्हणून अडायचं. मग ते अख्खं ओढायचा नाद सोडला आणि तुकड्याने घ्यायचं ठरवलं, आधी क्रमांक २००० पर्यंतचे, आले, मग २५०० पर्यंतचे, अडलं, मग २२५०, आले, असं निम्मं निम्मं करत शेवटी कडा सापडली, २३१६ पासून खराब आणि २३६६ नंतर परत चांगलं. त्या मधल्या भागात काही ओळींत तर नावाच्या जागी चिनी अक्षरांसारखं काहीतरी दिसत होतं, शेरा या रकान्यात हॅश लावून 'डिलीटेड'. सहकारी म्हणाला शेरा सोडून बाकीचे रकाने मागून बघू. शेरा हा मेमो प्रकारचा रकाना, त्यातला मोठा मजकूर वेगळ्या पानांवर असतो आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता, तो पत्ता चुकला की ओळ वाचताना सगळंच अडतं. शेरा वगळला आणि ५१ पैकी ४५ माणसं सरळ चालत आली! शेरे गेले ते गेले, 'पुस्तक उशिरा देतात' एवढंच असायचं त्यात. उरलेली सहा मी कागदी अर्जांवरून परत टाइप केली. मग प्रायमरी की परत लावली, टेबलांची नाती परत जोडली, आणि मधल्या दोन आठवड्यांच्या नव्या एंट्र्या एकेक बघून आत घेतल्या, त्यात दोन रात्री गेल्या.

आता चौकटीतली दुसरी गोष्ट. फाइल उघडत नाही म्हणजे ती बिघडलीच असं तुम्ही धरून चाललात, तसं नसतं. अ‍ॅक्सेस फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक लॉक फाइल बनते, जुन्यात एलडीबी आणि नवीनमध्ये एलएसीसीडीबी, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. ज्या फोल्डरमध्ये तुम्हाला फाइल बनवायची किंवा पुसायची परवानगीच नाही तिथे हे गणित फसतं, आणि मेसेज असा येतो की वाटतं डेटाबेसच गेला. तेव्हा आधी परवानगी बघा, फाइल रीड ओन्ली झालीय का बघा, दुसऱ्या कुणी एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त स्वतःपुरती, उघडून ठेवलीय का बघा. लॉक फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत कॉम्प्युटरांची नावं दिसतात, फक्त त्यात बाहेर पडलेल्यांचीही नावं राहून जातात, त्यामुळे नाव दिसलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नये (आम्ही गेलो होतो). आणि कुणीतरी आत असताना ती लॉक फाइल जबरदस्तीने उडवायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

खरंच बिघडलीय का याची एक सोपी परीक्षा आहे, कॉपी घेऊन ती नोटपॅडमध्येच उघडायची. सगळा कचरा दिसेल पण सुरुवातीलाच 'स्टँडर्ड जेट डीबी' किंवा नवीन फाइलमध्ये 'स्टँडर्ड एस (ACE) डीबी' हे शब्द इंग्रजीत दिसले तर निदान डोकं जागेवर आहे. साध्या हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधला कच्चा डेटा आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते शून्य दिसले तर मात्र रिपेअरला पैसे आणि वेळ घालवू नका, आत काही उरलेलंच नाही, जुना बॅकअप शोधा किंवा विंडोजच्या प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये काही सापडतंय का बघा. आणि कॉपी होतानाच डिस्क 'सायक्लिक रिडंडन्सी' म्हणून ओरडली तर दुखणं डेटाबेसचं नाही, डिस्कचं आहे, अशा वेळी चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवायची घाई नको, आधी जेवढं उतरवून घेता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर घ्या.

आम्ही आता डेटाबेसचे दोन भाग केलेत, टेबलं एका फाइलमध्ये शेअर फोल्डरवर आणि फॉर्म वगैरे प्रत्येकाच्या मशीनवर, एंट्री फक्त केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून. ऑनलाइन सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये एकाने चालू फाइल ठेवली होती तीही हलवली, दोन मशीनवरून दोघं लिहायला लागले की सिंकवाल्याला बिचाऱ्याला कुठली खरी ते कळत नाही.

तुमच्या सदरलेखकांवर माझा राग नाही, त्यांनी एवढी वर्षं खूप मदत केलीय. पण ती चौकट कापून भिंतीला लावणारे वाचक आहेत, आमच्या टेबलासमोर पण एक लागलीय. तर येत्या रविवारी तेवढी एक दुरुस्ती छापा, बटनाच्या आधी 'सगळ्यांना बाहेर काढा आणि फाइलची कॉपी घ्या' एवढंच. आमच्या भिंतीवरच्या चौकटीत ती ओळ मी सध्या पेनाने लिहून ठेवलीय.

आपली,
एक नियमित वाचक