गेलेल्या माणसाचा ओटीपी : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मृत व्यक्तीची गुंतवणूक कुठे कुठे आहे, हे वारसांना एका ठिकाणी कळण्याबाबत

महोदया,

स.न.वि.वि.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपण गांधीनगरहून ‘आपकी पूँजी, आपका अधिकार’ ही मोहीम सुरू केलीत. मोहीम हवीच होती. दहा वर्षं कुणी विचारपूस न केलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात आणि मार्च 2024 अखेर त्या निधीत 78,213 कोटी रुपये होते. पण दहा वर्षांनी शोधाशोध करायची वेळ का येते? पैसा बेवारस होण्याची सुरुवात माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच झालेली असते. हे पत्र त्या महिन्यांबद्दल आहे.

मी म्युच्युअल फंड वितरक आहे. नव्या एसआयपी, म्हणजे फंडातल्या दरमहा गुंतवणुकी, सुरू करून देणं हे माझं काम, पण हल्ली बराच वेळ जातो तो गेलेल्या माणसांचे कागद जुळवण्यात. पूर्वी शेअर सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी, पोस्टाचं पासबुक, एफडीची पावती, सगळं घरातच कुठेतरी असायचं. कपाट उपसलं की बहुतेक गोष्टी हाती लागायच्या, उरलंसुरलं पोस्टमन आणून द्यायचा. आता डीमॅट, म्हणजे शेअर्सचं खातं, एका ॲपवर, फंड दुसऱ्या ॲपवर, मुदत ठेव बँकेच्या ॲपमध्ये, पॉलिसी ईमेलमधल्या पीडीएफमध्ये. आणि या सगळ्यांची किल्ली एका फोनमध्ये, ज्याचा पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाला माहीत असेलच असं नाही.

एका बाईंनी यजमान गेल्यावर त्यांचा फोन बंद पडू दिला नाही. दर महिन्याला रिचार्ज करायच्या. फोन उघडता येत नव्हता, पण आलेल्या मेसेजची पहिली ओळ स्क्रीनवर दिसायची. ती ओळ त्या शाळकरी वहीत उतरवून घ्यायच्या : तारीख, रक्कम, कंपनीचं नाव जेवढं दिसेल तेवढं. ‘एसआयपीचा हप्ता’, ‘लाभांश जमा’, ‘प्रीमियम थकला आहे’. त्या वहीवरून आम्हाला काही फंड आणि एक विमा पॉलिसी सापडली. हप्ते तोवर कापले जातच होते, कारण कुणीतरी कळवेपर्यंत बँकेच्या लेखी माणूस जिवंतच असतो. वहीत न आलेलं काय काय राहून गेलं, हे आजही त्यांना माहीत नाही. मलाही नाही.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेअर बाजार आणि फंडांचं नियमन करणाऱ्या सेबीने 1 जानेवारी 2024 पासून एक चांगली सोय केली : गुंतवणूकदाराच्या मृत्यूची खबर ब्रोकर किंवा फंड कंपनी अशा एका मध्यस्थाला दिली की ती केआरए, म्हणजे केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांमार्फत, बाकीच्या मध्यस्थांपर्यंत पोचते आणि खात्यातून पैसे निघणं थांबतं. एप्रिल 2025 पासून डिजीलॉकरमध्ये डीमॅट आणि म्युच्युअल फंडाचं विवरणपत्र ठेवता येतं. शिवाय हयातीतच ‘डेटा ॲक्सेस नॉमिनी’ नेमता येतो. माणूस गेला की त्या नॉमिनीला ही विवरणपत्रं फक्त पाहण्यापुरती उघडतात. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी हे नावसुद्धा ऐकलेलं नसतं. आणि नॉमिनी नेमला, तरी ही सोय सेबीच्या अंगणापुरतीच. बँकेच्या ठेवी, पीएफ, पोस्ट, विमा हे सगळे कुंपणापलीकडे. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर बँकांच्या ठेवी शोधता येतात, पण त्या दहा वर्षं पडून राहिल्यावर. रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांचे दावे पंधरा दिवसांत निकाली काढायला सांगितलं आहे. दावा करायला खातं आहे हे आधी कळावं लागतं ना?

याच देशात अकाउंट ॲग्रिगेटर नावाची यंत्रणा आहे. मी कर्जाला अर्ज केला आणि संमती दिली की माझी बँक खाती, फंड, डीमॅट यांची माहिती काही क्षणांत कर्ज देणाऱ्यापुढे मांडली जाते. म्हणजे या संस्था एकमेकींशी बोलू शकत नाहीत, हे खरं नाही. कर्ज द्यायचं असलं की त्या बोलतात.

माझी मागणी मर्यादित आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे आणि त्यात राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदींची तरतूद आहे. मृत्यूची नोंद झाली की कुटुंबाच्या विनंतीवरून ती खबर केआरएप्रमाणेच बँका, विमा कंपन्या, पीएफ, एनपीएस ही पेन्शन योजना आणि पोस्ट यांच्याकडे जावी. मृताने हयातीत नेमलेल्या व्यक्तीला त्यावर फक्त संस्थांची यादी मिळावी. शिल्लक नको, व्यवहार नकोत. कुठे जाऊन अर्ज करायचा, एवढं कळलं तरी पुरे.

दोन आक्षेप येतील. पहिला खासगीपणाचा. माणसाला घरच्यांपासून काही लपवून ठेवायचं असेल, तर तो त्याचा हक्क आहे, म्हणून यादी त्याने स्वतः निवडलेल्या माणसालाच मिळावी. डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये असा माणूस नेमण्याचा हक्क दिलेलाच आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : कागदावर मेलेली जिवंत माणसं. सरकारी दप्तरात आपण हयात असल्याचं सिद्ध करत फिरणारे लोक आपल्याकडे आहेत. म्हणून खबर आल्यावर खात्यातून पैसे निघणं तेवढं थांबवावं, हस्तांतर नेहमीच्या पडताळणीनंतरच व्हावं.

जाता जाता नावांबद्दलही लिहितो. बँकेत पूर्ण मधलं नाव, फंडात नुसतं आद्याक्षर, पॅनवर आडनाव आधी, पत्नीच्या जुन्या खात्यावर माहेरचं नाव. प्रत्येक ठिकाणी ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र, तेही त्या त्या कंपनीच्या नमुन्यात, वेगळ्या स्टॅम्पपेपरवर. पॅन जुळत असताना याची गरज का पडते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. एक प्रतिज्ञापत्र सगळीकडे चालावं.

हे नियामक वेगवेगळे आहेत, असं उत्तर मला अपेक्षित आहे. पण वित्तीय स्थैर्य आणि विकास परिषदेत रिझर्व्ह बँक, सेबी, विम्याची नियामक आयआरडीएआय आणि पेन्शनची नियामक पीएफआरडीए एकाच टेबलाशी बसतात आणि अध्यक्षस्थानी आपण असता. पीएफसाठी श्रम मंत्रालय आणि पोस्टासाठी दळणवळण मंत्रालय यांना निमंत्रण द्यावं लागेल, इतकंच. परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते जाहीर करावं, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक म्युच्युअल फंड वितरक