चाचा, माझा अर्धा भात तुम्ही घेतलात

आदरणीय चाचा,

माझी रोजची बस चालवणारे तुम्ही मागच्या गुरुवारी ओमान कायमचं सोडून गेलात. विमानतळावर तुमच्या पेट्या ट्रॉलीवर चढवल्या, पण मला एक शब्द बोलता आला नाही. तुमचा फोन नातच वापरते, तेव्हा तिनेच हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं. इतरांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून उघड लिहितोय.

२०१६ साली मी मस्कतला आलो तेव्हा माझं वजन ७१ किलो होतं. दोन वर्षांत ते ९३ झालं. कऱ्हाडला रोज सायकलवरून संगमापर्यंत जाणारा मी, इथे वादी कबीरच्या खोलीतून एसी बसमध्ये, बसमधून एसी ऑफिसात आणि संध्याकाळी परत त्याच खोलीत. सकाळी कॅफेटेरियातला पराठा आणि गोडमिट्ट करक चहा, दुपारी मेसचा भाताचा डोंगर, रात्री खुबूस म्हणजे इथली अरबी रोटी आणि तळलेली कोंबडी. घरच्यांशी फोनवर बोलून झालं की जे वाटायचं ते मी खाण्याने बुजवत होतो. एवढ्या उन्हाच्या देशात राहून माझं ड जीवनसत्त्व कमी निघालं, कारण ऊन अंगावर पडतच नव्हतं. उपाशीपोटीची साखर १३४ आली.

मदत मागायला मी गेलो नव्हतो असं नाही. एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता "वजन कमी करा" म्हणून सांगितलं आणि कसं करू हे विचारायच्या आत पुढच्या पेशंटला बोलावलं. एका जिममध्ये वर्षाचे पैसे आधी घेतले, वर पावडरचा डबा गळ्यात मारला आणि "घाम गाळ" म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर पळायला सांगितलं. तेही २०१८ च्या जूनमध्ये! त्याच महिन्यात, २६ तारखेला, आपल्या शेजारच्या कुरियात गावातला पारा चोवीस तासांत ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. इतकं जास्त किमान तापमान जगात तोवर कुठे नोंदलं गेलं नव्हतं. कुरमच्या वाळूत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पायांत गोळे आले आणि मी बसलो तो उठेचना. दुसऱ्या दिवशी जिमवाल्याने मलाच बोल लावला, पाणी कमी प्यायलास म्हणून. मी पाच लिटर प्यायलो होतो. त्या माणसाचा राग मला आजही येतो.

त्या सकाळी मी बसमध्ये चढताना तुम्ही आरशातून माझा चेहरा पाहिलात. मी शेवटच्या स्टॉपला उतरेपर्यंत थांबलात आणि मग विचारलंत, "काय झाला तुला?" दोन वर्षं रोज त्या बसने जात होतो, आणि असं मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

तुम्ही सांगितलंत ते कुठल्याच ट्रेनरने सांगितलं नव्हतं. इथे ऊन मावळलं तरी दमटपणा मावळत नाही. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो अंगावर वाळला तरच अंग थंड होतं. नुसतं पाणी ढोसलं तर घामातून गेलेलं मीठ परत येत नाही, म्हणून ताकात चिमूटभर मीठ टाकायचं. लघवीचा रंग बघायचा. अंगाला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हलू हलू चालायचं. सत्तावीस वर्षं या रस्त्यांवर बस चालवून तुम्ही हे शिकला होतात.

मग आपलं मत्राहच्या कॉर्निशवरचं, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरचं, चालणं सुरू झालं. फज्रची नमाज पढून तुम्ही यायचात, सूर्य उगवायच्या आत मासळी बाजारापासून रियामच्या बागेकडे निघायचं. तुमची चाल माझ्या दुप्पट होती, पण तुम्ही एकदाही माझ्या पुढे गेला नाहीत.

तरी मला सगळ्यात जास्त आठवते ती मेसमधली दुपार. टेबलावर आठ-दहा जण होते. "मोटू, अजून घे की" म्हणत कुणीतरी माझ्या ताटात भात ओतला आणि सगळे हसले. मी मान खाली घालून कालवायला लागलो. तुम्ही शेजारी येऊन बसलात. एक शब्द न बोलता माझ्या ताटातला अर्धा भात हाताने आपल्या ताटात ओढून घेतलात, तुमच्या ताटातली सुरमईची तुकडी माझ्या ताटात ठेवलीत, आणि कुणाकडेही न बघता जेवायला लागलात. टेबल गप्प झालं. माझ्या ताटातलं असं हक्काने घेणारी फक्त आई होती, आणि ती २०१५ साली गेली. त्या दिवशी मी घास कसे गिळले ते माझं मलाच ठाऊक.

मी कमी खायला शिकलो तो त्या दिवसापासून. पुढे तुम्ही गावाकडून कोकमं आणलीत, नाचणीचं पीठ आणलंत. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे सुरमई धरायला बंदी असते. तेव्हा "तारली खा, स्वस्त नि ताकदीची" म्हणत मला बाजारात घेऊन गेलात. तो म्हातारा ओमानी विक्रेता तुमच्या शब्दाखातर मला तारल्या साफ करून द्यायचा, वर एखाददुसरी जास्तच टाकायचा. कॅफेटेरियातला मल्याळी भाऊ मी दिसलो की न सांगता बिनसाखरेचा चहा ओतायला लागला. तुम्ही त्याच्या कानात काय सांगितलं होतंत, त्याने मला कधी कळू दिलं नाही. आखातात माणसं फक्त रियाल मोजतात असं गावी बोलतात. मला इथे अशी माणसं भेटली, आणि तुमच्यामुळे भेटली. दुसऱ्याला कमीपणा न आणता त्याला सांभाळून घेणं, याहून मोठा चांगुलपणा मी पाहिलेला नाही.

आज वजन ७६ आहे, साखर ९६.

काल पहाटे एकटाच कॉर्निशवर गेलो. सवयीने हळूच चालत होतो, मग लक्षात आलं की आता मी तुमच्या चालीने चालू शकतो. चाललोही. ते तुम्ही बघायला हवं होतंत.

सुट्टी मंजूर झाली आहे. मुंबईला उतरलो की कऱ्हाडच्या आधी दाभोळला येतोय, चाचीला सांगून ठेवा. इथला 'खलास' जातीचा खजूर आणतो. जेवायला मात्र तुमच्या शेजारीच बसणार, आणि या वेळी तुमच्या ताटातला भात मी काढून घेणार, कारण आता तुमची बस सुटली आणि बसून राहणं वाढलं.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा कऱ्हाडकर