बाबांची टाच आणि काकूंचं नख

लालबाग, मुंबई

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ आलीय, हे तू फोनवर जाता जाता बोललास. लोकलच्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बाबांचं तुला अर्धवटच माहीत आहे. टाचेवरच्या काळ्या डागाला नाक्यावरच्या डॉक्टरांनी कुरूप ठरवून कॉर्न कॅप लावली. डाग चिघळल्यावर शुगरची जखम म्हणून ड्रेसिंग सुरू झालं. तुकडा काढून तपासावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, टेकवला आणि मलाही बघायला लावलं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात ना, त्यांच्या उंचवट्यांवरून काळा रंग पसरला होता. साध्या तिळात तो बहुतेक खाचांत असतो. बायोप्सीत नाव आलं: अ‍ॅक्रल लेन्टिजिनस मेलानोमा, म्हणजे कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार.

मला वाटायचं, मेलानोमा म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार. तळहात, तळपाय, नखाखाली होणाऱ्या या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता; १९८१ साली, ३६व्या वर्षी गेला तो.

मग परळ, टाटा. रिपोर्टात आधी जाडी बघतात. बाबांची २ मिलिमीटरच्या वर, म्हणून भोवतालची २ सेंटिमीटर कातडी घेऊन डाग काढला, मांडीची कातडी टाचेला लावली. टाचेपेक्षा मांडीच जास्त झोंबायची. निळा रंग आणि किरणोत्सर्गी द्रव टोचून जांघेतली पहिली लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती गाठ, शोधून काढून तपासली. ती स्वच्छ निघाली. नाहीतर इम्युनोथेरपी, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, म्हणजे खर्चाचा डोंगर. आता ठरावीक दिवसांनी तपासणी. बाबा म्हणतात, “गिरणीत जन्म उभ्यानं काढला तेव्हा टाच गप्प, आता बसून खातोय तर हे!”

काकूंचं म्हणशील तर सावळ्या माणसांच्या नखांत अशा रेघा पुष्कळदा असतात, बऱ्याचशा निरुपद्रवी. पण एकाच नखात असेल, रुंद होत असेल, रंग कमीजास्त असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर थांबू नकोस. नेलपॉलिश काढून, दिवसाउजेडी फोटो घे आणि चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखव. लिंबू-हळद चोळणं आधी बंद करायला सांग.

इथे आणायचं ठरलं तर आमच्याकडेच उतरा, धर्मशाळा शोधत बसू नका. काकूंना नमस्कार.

तुझा,
संज्या