शर्मिला रेगे यांचा वर्ग

महोदय,

जुलै उजाडला की समाजशास्त्रज्ञ प्रा. शर्मिला रेगे यांची उणीव अधिकच जाणवते. पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र ज्यांनी नावारूपाला आणले, त्या रेगे १३ जुलै २०१३ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी कर्करोगाने गेल्या. लावणी सादर करणाऱ्या कलावंत स्त्रियांपासून गाणी-नाट्यातून प्रबोधन करणाऱ्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांपर्यंत, विद्यापीठीय ज्ञानाने उंबऱ्याबाहेर ठेवलेले कितीतरी विषय त्यांनी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. बेबीताई कांबळे, शांताबाई दाणी, ऊर्मिला पवार यांच्या आत्मकथनांकडे केवळ दुःखाच्या कहाण्या म्हणून न पाहता समाजशास्त्राला प्रश्न विचारणारे लेखन म्हणून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता आणि माझ्या मते तेच त्यांचे सर्वांत मोठे देणे आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. दलित स्त्रीवादी भूमिकेची, म्हणजे दलित स्त्रियांच्या अनुभवातून समाजाकडे पाहण्याच्या दृष्टीची, मांडणी करणारा त्यांचा १९९८ चा इंग्रजी लेख आम्ही वर्गात परिच्छेद-परिच्छेद थांबून, मराठीत अर्थ लावत वाचतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुली तेव्हा आपल्या आजीच्या मजुरीबद्दल, पाणवठ्याबद्दल बोलू लागतात. शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा धागा धरून अध्यापनाचा विचार करणाऱ्या रेगे यांचे समग्र लेखन मराठीत, विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत उपलब्ध व्हावे, यासाठी विद्यापीठाने आणि राज्य शासनाने पुढाकार घ्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक प्राध्यापिका, जि. सातारा