बाबांचं फिकं जेवण आणि सप्पोरोची सूप करी

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि. (बघा, अजून लक्षात आहे.)

परवा व्हिडिओ कॉलवर तुमचं दोघांचं जे चाललं होतं ते मी मुकाट्याने ऐकत बसले, मधे बोलले असते तर दोघांनी मिळून मलाच झापलं असतं, म्हणून आता निवांत लिहितेय. डॉक्टरांनी बाबांचं तिखट बंद केलंय, आई म्हणते मी रोज दोन-दोन भाज्या करत बसणार नाही, आणि बाबा म्हणतात असलं आजाऱ्याचं जेवण्यापेक्षा उपाशी बरा. दोघांचंही बरोबर आहे. पण मला यावर एक सुचलंय आणि ते सुचलंय इथे जपानमधे, सप्पोरोतल्या सूप करीच्या हॉटेलात, त्यामुळे आधी तेवढं पुराण ऐकावं लागेल, इलाज नाही.

आई, मी तुला सांगितलं होतं ना जपानी करी गोडसर लागते म्हणून, ती वेगळी. ती घट्ट असते, दुकानात चॉकलेटसारख्या वड्या मिळतात तिच्या, एका ब्रँडमधे तर सफरचंद आणि मध असतो. सूप करी ही सप्पोरोची खास. हिला घट्टपणा अजिबात नाही, सरळ पातळ रस्सा, वर तेलाचा हलका तवंग, आणि त्यात कोंबडीची अख्खी तंगडी इतकी शिजलेली की चमच्याने हाडापासून सुटते. भाज्या बहुतेक ठिकाणी रश्श्यात शिजवत नाहीत, वेगळ्या तळतात, पीठबीठ न लावता, नुसत्या, आणि शेवटी वरून ठेवतात. बटाटा, गाजर, लाल भोपळा, वांगं, भेंडी, कमळकाकडी, सिमला मिरची, सगळे मोठ्ठे तुकडे. बटाटा आणि भोपळा इथलाच, होक्काइडोचा (सप्पोरो ज्या बेटावर आहे ते), आणि खरं सांगू का, इतका चवदार बटाटा मी आपल्याकडे खाल्लेला नाही (वांग्याबद्दल बोलू नका, जळगावच्या माणसाने दुसरीकडच्या वांग्याबद्दल काय बोलायचं). भात वेगळ्या ताटलीत, वर लिंबाची फोड. चमच्यात भात घ्यायचा, रश्श्यात बुडवायचा, तोंडात टाकायचा. मी हाताने खात नाही बाबा, काळजी नको, इथे इज्जत राखून आहे.

आणि बाबा, तुमच्यासाठी खास. या प्रकाराची सुरुवात ज्या हॉटेलातून झाली असं इथे मानतात त्याचं नाव 'अजंता'. हो, आपल्या गावापासून तासा-दीड तासावर आहे तेच नाव. 1970 च्या दशकात त्यांनी मसाले आणि औषधी वनस्पती घालून एक काढ्यासारखं सूप सुरू केलं, आधी नुसतंच सूप द्यायचे, मग रोजचे लोक म्हणायला लागले की ज्या कोंबडीचं नि भाज्यांचं सूप काढता ती पण वाढा की. 'सूप करी' हे नाव पडलं नंतर, 1993 मधे, 'मॅजिक स्पाइस' नावाच्या हॉटेलात, त्यांनी इंडोनेशियाच्या सोतो आयाम नावाच्या चिकन सूपवरून आपली पद्धत बसवली. त्यांच्याकडे तिखटाच्या पायऱ्यांना 'ध्यान', 'निर्वाण' अशी नावं आहेत! म्हणजे आपल्या गावाशेजारच्या लेण्यांचं नाव एका हॉटेलला आणि दुसरीकडे निर्वाण प्लेटमधे, मला तर हसूच आवरेना.

मी जाते ते मात्र साधं, घराजवळचं, एक काउंटर आणि थोडी टेबलं. हिवाळ्यात ऑफिस सुटल्यावर बाहेर उणे सात-आठ असतं, एका हिवाळ्यात इथे जवळपास 5 मीटर बर्फ पडतो, तेव्हा आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते आणि जिऱ्या-धन्याचा वास येतो, तेवढ्यानेच अर्धं पोट भरतं. ऑर्डर देणं म्हणजे फॉर्म भरल्यासारखं, करी कुठली, तिखट किती नंबर, भात किती, वर अजून काय हवं. 1300-1400 येन होतात, आपले 700-800 रुपये, रोजचं परवडत नाही पण आठवड्याला एकदा चालतं. मी वरचा नंबर सांगितला की ती वेटर मुलगी काळजीने बघते आणि दोनदा विचारते, नक्की ना? तिला काय सांगू, मी कोणाच्या हातची शेवभाजी खाऊन मोठी झालेय. तरी एक कबूल, इथलं तिखट हळू चढतं. पहिले चार घास काहीच नाही आणि मग एकदम नाक वाहायला लागतं.

तर मुद्दा. काउंटरवर बसलं की आतलं सगळं दिसतं. मोठं पातेलं सगळ्यांसाठी एकच, त्यातलं सूप प्रत्येकाच्या ऑर्डरप्रमाणे छोट्या भांड्यात घेऊन गरम करतात, आणि तिखट *तेव्हा* घालतात. माझ्या शेजारी एक आजोबा असतात, ते शून्य नंबर घेतात, त्यांच्या सुपात मसाल्याची चव तेवढीच, फक्त जळजळ नाही, आणि ते वाटी अगदी चाटूनपुसून संपवतात. कोणी त्यांना आजारी समजत नाही आणि कोणी वेगळं जेवण करत नाही.

आई, आपल्याकडे अडतं कुठे तर काळ्या मसाल्यात. मिरची आधीच त्यात कुटलेली, मग फिकं करायचं म्हणजे मसालाच कमी घालायचा, आणि मग बाबांना ते पाण्यासारखं लागणारच. यंदा मसाला करशील तेव्हा किलोभर बिनमिरचीचा काढ ना, धने, खोबरं, दगडफूल, तमालपत्र सगळं जसंच्या तसं, फक्त मिरची नाही. रस्सा त्याचा कर, आणि मिरचीची तर्री वेगळी वाटीत, मिसळीला काढतेस तशीच. ज्याला हवी त्याने घ्यावी. शेवसुद्धा तिखट असते हे विसरू नकोस, बाबांच्या वाटीत फिकी टाक. तळलेल्या भाज्यांचा प्रकार मात्र बाबांना नको, तेल पण कमीच सांगितलंय ना. आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मी काही डॉक्टर नाही.

आई, तू इथे आलीस तर तुला ती हॉटेलातली चालणार नाही, व्हेज म्हणून देतात त्यातही सूप बहुतेक हाडांचंच असतं. तुला मी घरी करून घालेन. बाबांना हॉटेलात नेते, शून्य नंबरपासून सुरू करू.

रविवारी शेवभाजी या पद्धतीने करून बघा आणि फोटो ग्रुपवर टाका. बाबांनी तर्रीच्या वाटीत चमचा घातला की नाही ते आईने मला वेगळा मेसेज करून सांगावं.

तुमची,
छोटी

ता. क. पासपोर्ट रिन्यूचं काम बाबांनी पुढे ढकलू नये. फेब्रुवारीत इथे स्नो फेस्टिव्हल असतो, तेव्हा यायचं तर आत्ताच फॉर्म भरायला हवा.