सिस्टरबाई, तुम्ही मागितलेल्या वहीबद्दल

आदरणीय सिस्टरबाई,
सादर नमस्कार.

दसऱ्यानंतर आमची ऊसतोड मजुरांची टोळी पुन्हा सांगलीकडे निघेल. त्यापूर्वी हे पत्र लिहून व्हावे, असे फार दिवसांपासून मनात होते. केलेले काम तुम्ही स्वतः कधी कोणाला सांगणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे ते सर्वांसमोर लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, आई केज तालुक्यातील आमच्या गावी परतली, तेव्हा तिचे ओटीपोट सतत दुखत होते आणि अंगावरून जात होते. एका खाजगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत तिला गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्यास सांगण्यात आले. आई तेव्हा ३४ वर्षांची होती. आसपासच्या अनेक बायकांनी तेच केले होते, त्यामुळे तिला त्यात वावगे वाटले नाही; उलट पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात उतरता न आल्यामुळे पडणारा खाडा, म्हणजे गैरहजेरी, आणि त्यावरचा ५०० रुपयांचा दंड तरी कायमचा टळेल, असा तिचा हिशोब होता. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला, नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे मी पुढे वाचले. पण आमच्या घरात त्या दिवशी चर्चा होती ती केवळ पैशांची. शस्त्रक्रियेचा खर्च टोळीला कामावर नेणारा मुकादम देणार होता आणि तो पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेत, धरणार होता.

अंबाजोगाईच्या आठवडी बाजारात तुमच्या मंडळीतील (चर्चमधील) बहिणी रक्तदाब तपासत बसत, तेथे आईने सहज हे बोलून दाखवले. तुम्ही आधी कागद मागितलेत. कागदावर एकाही तपासणीची नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईला स्वतः स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलेत, सोनोग्राफीच्या रांगेत दुपारपर्यंत उभ्या राहिलात आणि तपासण्यांतून जंतुसंसर्ग असल्याचे निघाल्यावर आईबरोबर वडिलांनाही गोळ्या घ्यायला लावल्यात. आईची पिशवी काढावी लागली नाही.

तुम्ही येथेच थांबल्या असतात, तरी आम्ही जन्मभर तुमचे नाव घेतले असते. परंतु तुम्ही विचारलेत, "खाड्याच्या भीतीने बाई पिशवी काढायला निघते, तर तो खाडा लिहितो कोण? ती वही मला दाखवा."

वही मुकादमाकडे होती आणि आमच्याकडे फक्त अंगठा होता. त्याच्या नोंदीत आमच्या कोयत्याचे, म्हणजे आई-वडिलांच्या जोडीचे, २३ खाडे होते. आई-वडिलांनी आठवून, कोपी (राहण्याची झोपडी) कोठे हलवली, पाऊस कधी झाला, अशा खुणा धरून दिवस मोजले, तेव्हा ते ९ भरले. म्हणजे १४ खाड्यांचे ७,००० रुपये आमच्या माथी उगाचच बसले होते. तुम्ही मुकादमाशी एकदाही आवाज चढवला नाहीत. तोही कारखान्याची उचल अंगावर घेऊन बसलेला माणूस आहे, हे तुम्हीच मला समजावून सांगितलेत. मात्र वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा कायदा, आणि उचलीच्या नावाखाली माणसाला कामावर डांबून ठेवता येत नाही हे त्यातले तत्त्व, तुम्ही तहसीलच्या अर्जात स्पष्ट लिहिलेत. अर्जाची प्रत हातात पडल्यावर मुकादमाने ते ७,००० रुपये बाकीतून वजा केले. इतर कोयत्यांच्या नोंदी मात्र तशाच राहिल्या, याची खंत तुम्ही आजही बोलून दाखवता.

तुमच्या मंडळीने त्या उन्हाळ्यात आम्हाला ज्वारी आणि तेल दिले. ते देताना कोणी मागेपुढे पाहिले नाही. तहसीलला सोबत येण्यास मात्र मोजकीच माणसे तयार झाली. ज्वारीचे उपकार मी कमी लेखत नाही, त्या दिवसांत तिनेच चूल पेटती ठेवली. पण ज्वारीने उचल फिटत नाही आणि उचल फिटल्याशिवाय बाईचे शरीर तिचे स्वतःचे राहत नाही, हे मला तुमच्यामुळे कळले.

तुम्ही आमच्यापुढे धर्माचा विषय कधी काढला नाहीत. मीच एकदा विचारले, निवृत्तीनंतर एवढी दगदग कशासाठी? तेव्हा तुम्ही पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढून माझ्यापुढे ठेवलात. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी तेथे आज्ञा आहे, मग तो मजूर आपल्यातला असो वा परका. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, असे त्याच शास्त्रातील याकोबाच्या पत्रात म्हटले आहे, तेही तुम्ही दाखवलेत. "हे वाचून मी फक्त प्रार्थना करून उठले, तर वाचले कशाला?" एवढेच तुम्ही म्हणालात. मग तुम्ही पणजोबांविषयी सांगितलेत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेथे पणजोबांनी अक्षरे गिरवली आणि त्यानंतर तुमच्या घरात कोणी न वाचता अंगठा उठवला नाही.

गेल्या हंगामापासून टोळीची दुसरी वही मी लिहिते. ११ कोयत्यांची हजेरी, खाडा आणि त्याचे कारण, उचल, औषधाचा खर्च, असे रकाने आहेत. पाळीच्या दिवसांचा दंड मुकादमाने अजून सोडलेला नाही. यंदा निघण्यापूर्वी बायका एकत्र बसून तो विषय काढणार आहेत. आई म्हणते, त्या दिवशी सिस्टरबाई आल्या तर बरे. रकान्यांची बेरीजही तुमच्या नजरेखालून गेलेली मला हवी आहे.

आपली कृतज्ञ,
टोळीची वही लिहिणारी मुलगी