पुस मॉथचे पाय तू करायचेस

देवगड,
श्रावण

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज वाचला. "तयार फोमचं विमान विकत मिळतं, मग हा खटाटोप कशाला?" फोनवरच उत्तर दिलं असतं, पण पावसात इथे रेंज असली तर असली. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे आणि ते तोंडी सांगण्यासारखं नाही.

मी रिमोटवर उडणारं लाकडी मॉडेल बांधतोय, ते डी हॅविलँड पुस मॉथ या जुन्या विमानाचं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून 25 किलो टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच जातीच्या विमानातून. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे म्हणे बैलगाडीतून आले होते. मला त्याहून आवडलेली गोष्ट पुढची आहे. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग टपालसेवेचं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवायचे. चार महिने गाशा गुंडाळायचा हे कोकणातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

माप सहास एक धरलंय. मूळ पंख टोकापासून टोकापर्यंत 11.2 मीटर, माझे 1.87. इथपर्यंत भागाकार सोपा. खरी मारामारी वजनाची. लांबी सहा पट कमी केली की पंखाचं क्षेत्रफळ 36 पट कमी होतं आणि वजन 216 पट कमी व्हायला हवं. मूळ विमान माणसं-पेट्रोल धरून साधारण 930 किलोचं, म्हणजे माझ्या वाट्याला 4.3 किलो. त्यात मोटर, बॅटरी, सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर भाग हलवणारी छोटी मोटर), रिसिव्हर, रंग, सगळं आलं. वेगालाही लोक सहानेच भागतात, ते चूक. खरं विमान ताशी 170 किलोमीटरने जात असेल तर मॉडेल 28 ने हवेत राहणारच नाही. भागायचं ते सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे उत्तर येतं 70 च्या आसपास. त्या वेगाने समोरून गेलं की ते विमान दिसतं, नाहीतर खेळणं. तुझ्या फोमच्या विमानात हीच गंमत नाही बघ. ते हलकं असतं, वाऱ्यावर तरंगत राहतं, आणि आकार कितीही हुबेहूब असला तरी डोळा फसत नाही.

या विमानाचं जिप्सी इंजिन उलटं टांगलेलं होतं, सिलिंडर खाली आणि पंख्याचा दांडा वर. त्यामुळे वैमानिकाला नाकावरून पुढचं दिसायचं. मला फायदा वेगळाच झाला. मोटर वर बसली आणि तिच्याखाली बॅटरीला ऐसपैस जागा मिळाली. वजन पुढेच हवं असतं, कारण शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात तीन-चार घालावे लागतात. म्हणून नाकाचा ठोकळा मी पांगाऱ्याचा केला. सावंतवाडीची लाकडी खेळणी करतात तोच पांगारा. बाल्सा लाकडाइतका हलका नाही, पण नाकात चालतो, आणि कोरायला लोण्यासारखा. बाकी सगळा बाल्सा बाहेरून मागवलेला, त्याची किंमत घरात सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.

सध्या सांगाडा उघडाच आहे. कापड चढवायचं ते गणपती झाल्यावर, हवा जरा सुकली की. दमट हवेत डोप, म्हणजे कापड ताणून धरणारं लॅकर, मारलं की त्यावर पांढरी झाक येते, आणि बाल्साच्या पातळ पट्ट्या ओल धरून वाकतात. कपाटात दिवा लावून पंख आत उभे ठेवलेत. शेजारचे मेस्त्री परवा डोकावून म्हणाले, "मेल्या, ह्यां इमान की होडी?" त्यांनी जन्मभर होड्या बांधल्या, त्यांना फासळ्या दिसल्या की होडीच दिसते. पण पंखाखालच्या तिरक्या दांड्यांवर त्यांनी बरोबर बोट ठेवलं: "ह्यो शोभेचो नको." नाहीतच. सुरुवातीच्या काही पुस मॉथचे पंख हवेतच मोडले होते आणि चौकशीनंतर त्या दांड्यांना जादा आधार दिला गेला. माझ्याकडेही भार तेच दांडे घेणार.

आता तुझं काम. या विमानाच्या चाकांच्या पायांवर चपटं आवरण असायचं. उडताना त्याची धार वाऱ्याकडे, आणि उतरताना वैमानिक ते 90 अंशांत वळवायचा, की आवरणाची रुंद बाजू वाऱ्याला अडायची आणि वेग मोडायचा. मला ते नुसतं दिसायला नको, चालायला हवं. आत 4 मिमीची पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, तिच्यावर मोकळी फिरणारी पितळेची नळी, नळीला पातळ ॲल्युमिनियमचं आवरण. दोन्ही पाय एकाच सर्व्होवर, कारण एक वळला आणि दुसरा अडकला तर विमान एका अंगाला ओढलं जाईल. वायरला वेल्डिंग करू नकोस, तिचं पाणी उतरतं. सांध्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळ आणि डाग दे. माझ्याकडे हे जमण्यासारखं हत्यार नाही आणि तुझ्या भोसरीच्या शेडमध्ये ते धूळ खात पडलंय.

उडवायचं आपल्या वरच्या कातळाच्या सड्यावर. ड्रोन-मॉडेलं कुठे उडवता येतात तो सरकारी नकाशा तपासलाय, सडा हिरव्या, म्हणजे मोकळ्या पट्ट्यात येतो आणि चिपीचा विमानतळही लांब आहे. सकाळी मतलई वारा पडतो आणि खारा वारा सुरू व्हायचा असतो, तेवढा मधला वेळ आपला. शेपटीवर बसणारं विमान आडव्या वाऱ्यात धावताना गर्रकन फिरतं, म्हणून दुपारचं नावच नको. 15 ऑक्टोबरलाच उडव असं सगळे सांगतायत, पण परतीचा पाऊस तारखा बघून थांबत नाही. मी दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे.

मापांचा कागद सोबत जोडलाय, कुठे अडलं तर त्यावरच खुणा कर. पाय कुरियरने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, वहिनी आणि पोरांसकट. 4 मिमीची वायर मिळाली नाही तर आधी कळव. 3.5 वर भागवायचं नाही, सड्यावरच्या कातळाला ती पुरणार नाही.

तुझा,
बाळ्या